ढोल, पोट आणि पिलाटेस

ढोल वाजवणाऱ्याची आधी जाते ती कंबर. आमच्या पथकात हे कुणी बोलून दाखवत नाही. हाताला आलेले फोड सगळे कौतुकाने दाखवतात, स्टेटसला टाकतात. कंबरेचा फोटो निघत नाही, म्हणून ती बिचारी तशीच राहते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पथकाच्या ग्रुपवर दोनच विषय असतात: कुणाचा व्हिडिओ बरा आलाय आणि दुखण्यावरचा स्प्रे कुणाकडे उरलाय.

मी कॉलेजात असल्यापासून वाजवते. तेव्हा काही जाणवायचं नाही. आता चाळिशी उलटली आहे. दिवसभर हिंजवडीत खुर्चीला चिकटून बसायचं आणि पावसाळ्यात सराव सुरू झाले की संध्याकाळी नदीपात्रात जाऊन कमरेला ढोल बांधायचा. अशा कंबरेने तक्रार केली तर तिचं काय चुकलं? म्हणून पिलाटेसकडे वळले, म्हणजे श्वास आणि पोट-पाठीच्या स्नायूंवर लक्ष ठेवून सावकाश करायच्या व्यायामांकडे. बारीक व्हायला नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण पिलाटेस म्हटलं की लोक पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघतात. ते होतं तिथेच आहे.

ढोल कमरेला बांधला की सगळं वजन पोटासमोर लटकतं. तोल सांभाळायला माणूस आपोआप मागे रेलतो. छाती वर, बरगड्या पुढे, कंबर आत. फोटोत हे फार रुबाबदार दिसतं. आत मात्र कमरेच्या मणक्यांमागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि पोटाचे स्नायू नुसते ताणून राहतात, कामाला येत नाहीत. त्यात उजवा हात टिपरू घेऊन जोरात येतो. प्रत्येक ठोक्याला धड वळायला बघतं आणि कुणीतरी त्याला थांबवावं लागतं. ते काम पोटाने केलं नाही तर पाठीला करावं लागतं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, ज्या फिजिओथेरपिस्टकडे मी गेले तिने नंतर समजावलं. तीच पिलाटेसही शिकवते, मी तिला डॉक्टरच म्हणते.

पहिल्या दिवशी तिने ना चटई काढली ना ते स्प्रिंगचं यंत्र. माझी ऑफिसची सॅक घेतली, आत दोन डंबेल टाकले, ती माझ्या पोटावर पुढून बांधली, हातात लाकडी पट्टी दिली आणि म्हणाली, "ताई, वाजवा." मी हवेत वाजवायला लागले. तिचा एक हात माझ्या कमरेवर, एक खालच्या बरगड्यांवर.

"ताई, श्वास कुठंय?"

"म्हणजे?"

"मी मघापासून बघतेय. सोडलाच नाहीये तुम्ही."

खरंच सोडला नव्हता. आणि तो जेव्हा सुटला तेव्हा खांदे खाली पडले, बरगड्या खाली आल्या आणि तिच्या हाताखाली कंबरेची कमान थोडी कमी झाली. काहीही न करता. मला वाटलं झालं, शिकले. तिला तसं वाटलं नसावं, कारण तिने पुढच्या तारखा लिहायला घेतल्या.

नंतरचे कितीतरी वर्ग मी पाठीवर आडवी पडून काढले. बघणाऱ्याला वाटावं बाई झोपल्या आहेत. गुडघे वाकवलेले, पावलं जमिनीवर. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन हाडांची टोकं लागतात, त्यांच्यापासून दोन बोटं आत आणि जरा खाली बोटं रुतवायची. मग दातांच्या फटीतून 'स्स्स' करत सावकाश श्वास सोडायचा. बोटांखाली काहीतरी हळूच ताठ होतं. इतकं हळू, की सुरुवातीला आपली समजूत आहे का खरंच आहे हे कळत नाही. पोट एकदम कडक होऊन बोटांना वर ढकलायला लागलं तर जोर जास्त झाला. दहापैकी दोन-तीन एवढाच जोर हवा. सगळं आयुष्य 'जोर लावा' ऐकून वाढलेल्या माणसाला हे फार अवघड जातं. ढोलवाल्याला तर त्याहून.

बोटांखाली जो ताठ होतो तो ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस. पोटाच्या भिंतीत पुढे उभा रेक्टस, ज्याचे सिक्स पॅक दिसतात तो. बाजूला तिरपे दोन, एकावर एक. आणि सगळ्यात आत हा, आडव्या तंतूंचा. खालच्या बरगड्यांच्या आतून निघून ओटीपोटापर्यंत पसरलेला आणि मागे कमरेच्या जाड पडद्याला जोडलेला. कातडीच्या आत घातलेला कंबरपट्टाच म्हणा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस. सगळे मिळून पोटातला दाब सांभाळतात आणि त्या दाबाचा मणक्याला आधार मिळतो. जोराने श्वास सोडण्यात ट्रान्सव्हर्ससचा मोठा वाटा असतो. म्हणून पिलाटेसवाले सारखे 'श्वास सोडा, श्वास सोडा' म्हणत असतात. मला आधी ते उगाच वातावरणनिर्मितीसाठी वाटायचं.

या आतल्या स्नायूचं एवढं नाव झालं ते ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगामुळे. १९९६ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांच्या पोटात स्नायू कधी चालू होतो ते टिपणारे बारीक तारेचे इलेक्ट्रोड घालून त्यांना उभं केलं आणि इशारा झाला की हात झटकन उचलायला सांगितला. ज्यांची पाठ दुखत नव्हती त्यांच्यात हा आतला स्नायू हाताच्या स्नायूच्याही आधी चालू होत होता. हात हलायच्या आत पोट तयार! पाठदुखीवाल्यांत तो उशिरा जागा व्हायचा. हे वाचलं तेव्हा ऑफिसात होते. टेबलाखाली एक हात पोटावर ठेवून दुसरा झटकून पाहिला. कळलं अर्थातच काही नाही, मिलिसेकंदांचा मामला आहे. पण मला त्या प्रयोगात थेट माझा उजवा हात दिसला. ढोल वाजवणं म्हणजे दुसरं काय आहे? इशारा, हात, इशारा, हात, दोन-दोन तास.

पिलाटेसमधला 'हंड्रेड' हा व्यायाम मला म्हणूनच सगळ्यात जवळचा. पाठीवर झोपायचं, डोकं आणि खांदे उचलायचे, पाय हवेत (माझे अजून गुडघ्यात वाकलेले असतात, आणि तसंच बरं आहे), दोन्ही हात शरीराच्या बाजूला लांब करून वर-खाली झपाझप आपटल्यासारखे करायचे. जमिनीला मात्र लावायचे नाहीत. पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर, असं दहा वेळा. शंभर. हात वेड्यासारखे चाललेत आणि धड ढिम्म हलत नाही, ही त्यातली गंमत. पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या श्वासाला मान दुखली, कारण पोटाचं काम मान करत होती. डॉक्टरने डोक्याखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "मानेला सुट्टी द्या, तिचं काम नाही हे." आता मी मनात ठेका धरते. पाच-पाचचा हिशोब आमच्या नेहमीच्या ठेक्यात बसत नाही, त्यामुळे डोकंही जागं राहतं.

हा व्यायाम जोसेफ पिलाटेसच्या मूळ यादीत पहिला आहे. १८८३ मध्ये जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखला जन्मलेला हा माणूस, लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं, शेवटी आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत. युद्धानंतर काही वर्षांनी तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याच्याकडे नर्तकांची रीघ लागली. आपल्या पद्धतीला तो कंट्रोलॉजी म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. ऐंशी ओलांडून १९६७ मध्ये तो गेला. स्वतःच्या जाहिरातीत त्याने कधी कसर ठेवली नाही, हेही खरं. त्याचे सगळे दावे शब्दशः घ्यायची गरज नाही.

रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंगा आणि सरकती गादी असलेलं ते यंत्र, ज्याचे फोटो बघून पुण्यात सध्या गल्लोगल्ली स्टुडिओ निघताहेत, त्यावरही मी काही महिने केलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. जिममध्ये वजन वाढवलं की व्यायाम अवघड होतो. इथे कितीतरी व्यायाम स्प्रिंग काढून घेतली की अवघड होतात. हातांवर टेकून, पाय सरकत्या गादीवर ठेवून प्लँक करताना जड स्प्रिंग असेल तर ती गादी धरून ठेवते. हलकी लावली की गादी पायाखालून निघून जायला लागते आणि तिला थांबवायचं काम पोटावर येतं. शेजारची मुलगी ऐटीत जास्त स्प्रिंगा लावत होती, तेव्हा डॉक्टरच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी ओळखलं, कारण पहिल्या आठवड्यात ते माझ्यासाठी होतं. पण फी बघता मी पुन्हा चटईवर आले. चटईला स्प्रिंगचा आधार नाही, त्यामुळे खोटं करायला जागा कमी. घरी फरशीवर जुनी सतरंजी टाकली की भागतं.

आता थोडं विरुद्ध बाजूचं. पिलाटेसच्या जाहिरातीत 'खोल कोअर' हा शब्द इतक्या वेळा येतो की वाटावं बाकीचं पोट सुट्टीवर आहे. स्पेनमध्ये नऊ बायकांना नऊ महिने आठवड्यातून दोनदा पिलाटेस देऊन आधी आणि नंतर एमआरआय काढले होते, तो अभ्यास २०१२ मध्ये आला. सगळ्यात जास्त वाढला कोण? तोच बाहेरचा, उभा, सिक्स पॅकवाला रेक्टस, २१ टक्क्यांच्या आसपास. आतला आडवा आणि तिरपे मिळून आठेक टक्के. नऊच बायका, त्यामुळे त्यावर देऊळ बांधायला नको. पण 'आम्ही फक्त आतलेच स्नायू घडवतो' हे काही खरं नव्हे. हंड्रेडमध्ये डोकं आणि पाय हवेत धरलेत म्हटल्यावर रेक्टस काय झोपा काढणार?

दुसरं म्हणजे पोट आत ओढून धरणं. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी पाठीवर आयुष्यभर काम केलं, ते वर्षानुवर्षं सांगत आले की नुसता एक स्नायू निवडून बेंबी आत ओढू नका, ओझं उचलताना सगळ्या बाजूंनी पोट जरा घट्ट करा, कुणी गुद्दा मारणार असेल तर आपण करतो तसं. ढोलासाठी मला हेच पटतं. झोपून तो आतला स्नायू ओळखायला शिकायचं, हे ठीक. पण ढोल बांधून उभं राहिल्यावर बेंबी आत ओढून दोन तास काढणारी बाई श्वास घेणार कधी? आमच्या पथकातल्या एका मुलीने रीलवर बघून दिवसभर पोट आत धरायची सवय लावली होती. तिला पाठीचं काही नाही झालं, पण जिना चढताना धाप लागायला लागली.

आणि तिसरं, जे पिलाटेस शिकवणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. २०१५ मध्ये कंबरदुखी आणि पिलाटेसवरच्या दहा चाचण्या, ५१० माणसं, एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला. थोडक्यात निष्कर्ष असा: काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा पिलाटेस बरं. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. आतल्या स्नायूची वेळ सुधारली म्हणून दुखणं गेलं, हा धागाही पुढच्या अभ्यासांत नीट जुळला नाही. हे मी डॉक्टरला विचारलं. ती न चिडता म्हणाली, "ताई, तुम्ही येताय ना नेमाने? मग झालं तर. पोहायला गेला असतात तरी मी नाही म्हटलं नसतं."

मग मी पिलाटेसच का करते? कारण मला पोहता येत नाही, हे एक. आणि दुसरं, हात चालू असताना श्वास कसा चालू ठेवायचा हे मला दुसऱ्या कुठल्या व्यायामात कुणी शिकवलं नाही. पालथं झोपून करायचा 'स्विमिंग' हा प्रकार घ्या. उजवा हात-डावा पाय, डावा हात-उजवा पाय असे आळीपाळीने उचलत राहायचं, नाक चटईला जवळजवळ टेकलेलं. यात मल्टिफिडसचं चांगलंच काम निघतं. पहिल्यांदाची पाठदुखी थांबली तरी हा स्नायू आपोआप पूर्वीसारखा भरत नाही, हे ज्युली हाइड्स यांच्या गटाने अल्ट्रासाउंडने दाखवलंय, तेही १९९६ मध्येच. माझी एक बाजू या व्यायामात ठळकपणे दुबळी निघाली. इतकी वर्षं टिपरू एकाच हातात, दुसरं काय होणार?

सासूबाईंचं मत वेगळं आहे. "एवढे पैसे घालवण्यापेक्षा सूर्यनमस्कार घाल की. आणि आपलं उड्डीयान आहेच." सूर्यनमस्कारांबद्दल माझं त्यांच्याशी भांडण नाही, त्या पंचाहत्तरीला वाकून रांगोळी काढतात, मी कोण बोलणार. पण उड्डीयान या योगातल्या प्रकारात पोट आत जातं ते वेगळ्या कारणाने. श्वास पूर्ण सोडून, गळा बंद ठेवून बरगड्या फुलवल्या की पोट पोकळीत ओढलं जातं, पोटाचे स्नायू तेव्हा सैल असावे लागतात. दिसायला दोन्हीकडे पोट आतच, पण एकात स्नायू काम करतोय आणि दुसऱ्यात त्याला गप्प बसवलंय. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल बाई," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

एक गोष्ट पथकात बायका फक्त बायकांशी बोलतात, ती इथे लिहून टाकते. ठेका वाढला, उड्या मारत वाजवायला लागलं की कितीजणींना थेंबभर लघवी होते. बाळंतपणं झालेल्यांना तर सर्रास. पोटात दाब वाढतो आणि खालचे स्नायू त्याला पुरे पडत नाहीत. वरून श्वास कोंडून पोट आवळलं तर दाब खालीच जाणार. यावर पहिला आणि चांगला सिद्ध झालेला उपाय म्हणजे त्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, जाणकाराकडून नीट शिकून. पिलाटेसमध्ये श्वास सोडताना ते वर उचलायला शिकवतात, त्याचा उपयोग होतो, पण नुसत्या पिलाटेसच्या भरवशावर राहू नका, फिजिओला दाखवा. काळी पँट घालून आणि पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका. तसंच पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा अचानक जाणं, यातलं काही असेल तर व्यायामबियाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.

मागच्या अनंत चतुर्दशीला काय फरक पडला? वाजवताना फारसा नाही कळला. फरक कळला तो थांबताना. मिरवणुकीत खरा जीव जातो तो वाजवण्यात नाही, लक्ष्मी रोडवर ढोल बांधून नुसतं उभं राहण्यात. पुढचं मंडळ हलत नाही, मागचं रेटतंय, ढोल सोडावा तर कुठल्या क्षणी शिट्टी होईल सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी मी कंबर मागे टाकून ढोल पोटावर पेलत उभी राहायची. आता सारखी आठवण ठेवून श्वास लांब सोडते, बरगड्या खाली येऊ देते, गुडघे किंचित सैल, वजन दोन्ही पायांवर. आणि वाजवताना मोठ्या ठोक्याला श्वास सोडायचा, हे आता बऱ्यापैकी आपोआप होतं. अलका चौकात पोचेपर्यंत मांड्या आणि खांदे भरून आले होते, पाठ ठणकत नव्हती. दुसऱ्या दिवशी बसून चहा प्यायले, याला आमच्यात ऐश म्हणतात. हे सगळं पिलाटेसचंच, असं छातीठोक सांगणार नाही. त्याच वर्षी मी ढोलही हलका घेतला होता आणि पट्टा नवा, रुंद. मनगट मात्र पूर्वीइतकंच दुखलं आणि कानात दोन दिवस तसंच घुमत होतं. त्याला पिलाटेस काय करणार.

यंदा सराव सुरू व्हायच्या आधी मी पथकप्रमुख दादांकडे दहा मिनिटं मागितली. ढोल बांधायच्या आधी सगळ्यांनी उभ्या-उभ्या करायचे तीन-चार प्रकार: भिंतीला पाठ लावून श्वास, हात झटकत हंड्रेडचा उभा अवतार, एका पायावर उभं राहून टिपरू फिरवणं. नदीपात्रात झोपायला कुणाला सांगणार? पोरं हसली. एकाने विचारलं, "ताई, याने अ‍ॅब्स येतील का?" दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घे दहा मिनिटं. पण ढोल ताणून झाल्यावर. नाहीतर ही पोरं रोज व्यायामाचं निमित्त सांगतील आणि ढोल ताणायला मी एकटा उरेन."